कीनोटमध्ये माईक खाली का येत नाही

एका तंत्रज्ञान कंपनीनं भरवलेल्या डेव्हलपरांच्या, म्हणजे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या, परिषदेतलं मुख्य भाषण (कीनोट) चालू होतं. स्लाइडवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘शेतकर्यांसाठी, त्यांच्याच भाषेत’. ‘य’च्या डोक्यावर चक्क रफार. मुंबईच्या बीकेसीतल्या त्या अवाढव्य सभागृहात आम्ही दोन-अडीच हजार माणसं बसलो होतो. त्यांतली तीन-चारशे तरी मराठी घरांतली असतील, आणि ‘शेतकरी’चं ‘शेतकऱ्यांसाठी’ होताना र उडी मारून वर जाऊन बसत नाही, हे त्यांतल्या प्रत्येकाला चौथीपासून ठाऊक. कुणी काही बोललं नाही. बोलणार कसं? सभागृहात माईक एकच, तो वक्त्याच्या गालाला चिकटलेला.

कुणाला हे खुसपट वाटेल. पण ‘आचाऱ्यांना बोलवा’ आणि ‘आचार्यांना बोलवा’ यांत फरक आहे तो एवढ्या एका रफाराचाच. एकाला कांदे चिरायला बसवायचं, दुसऱ्याला व्यासपीठावर. उलट झालं तर दोघंही रागावतील. संगणकावर सगळ्या लिपी लिहिण्याची जी सामाईक पद्धत आहे, त्या युनिकोडमध्ये याची सोय कैक वर्षांपासून आहे, ऱ घेऊन त्याचा पाय मोडला की काम होतं. सोय होती. ती स्लाइड पडद्यावर जाण्याआधी कुणा मराठी माणसाच्या नजरेखालून गेली नव्हती, इतकंच.

मग डेमो झाला. हल्ली अशा प्रत्येक मंचावर एक शेतकरी असतोच. मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेलांनी जानेवारी २०२३ मध्ये भारतात पाहिलेली एक गोष्ट दावोसला सांगितली होती: ग्रामीण भागातला शेतकरी आपल्या भाषेत बोलतो आणि त्याला सरकारी योजनेची माहिती मिळते. गोष्ट चांगली होती, म्हणून सगळ्यांनीच उचलली. आमच्या मंचावरचा शेतकरी म्हणजे कंपनीतलाच एक तरुण. त्यानं फोनला मराठीत विचारलं, ‘माझ्या कपाशीवर बोंडअळी पडलीय, काय करू?’ दोन सेकंदांत गोड आवाजात उत्तर आलं. त्यात ‘कीटनाशकाचा छिडकाव करा’ असं होतं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

माझं आजोळ वऱ्हाडातलं. तिकडच्या कुठल्याही कृषी सहायकानं आधी विचारलं असतं, बोंडअळी गुलाबी आहे का, किती बोंडं फोडून पाहिलीस, कामगंध सापळे लावलेस का. आणि तो ‘फवारणी’ म्हणाला असता. ‘छिडकाव’ हा शब्द ऐकून माझे मामा आधी फोनकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले असते. बोंडअळीवरचं उत्तर बरोबर होतं की चूक, यावर मी बोलत नाही. तो माझा प्रांत नाही. माझा मुद्दा असा की सभागृहात त्या प्रांतातला एखादा माणूस असताच, तरी त्यालाही गप्पच बसावं लागलं असतं.

मी स्वतः पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. ठेवीची पावती, कर्जाचा हप्ता, थकबाकीची नोटीस, वार्षिक सभेचा अहवाल, सगळं मराठीत. निम्म्या संस्थांच्या जुन्या फायली आजही युनिकोडच्या आधीच्या फाँटांत अडकलेल्या आहेत. त्या सोडवण्यात माझी उमेदीची दहा वर्षं गेली. त्यामुळे मराठीतून काम करणारं यंत्र कुणी दाखवत असेल तर मी सकाळी साडेसातला डोंबिवलीची गाडी पकडून, कुर्ल्याला उतरून, शेअर रिक्षात तिसरा बसून जायला तयार असतो. गेलोही. आणि खोटं कशाला बोलू, गळ्यात बिल्ला अडकवून त्या थंडगार सभागृहात शिरताना मलाही बरं वाटतं. बाविसाव्या वर्षी वाटायचं तेवढं नाही, पण वाटतं.

प्रश्न विचारायची सोय तिथे नव्हती असं नाही. एक अ‍ॅप होतं. त्यात प्रश्न टाइप करायचा, इतरांनी तो आवडल्याची खूण करायची, मग सूत्रसंचालिका त्यांतले निवडणार. मी दोन प्रश्न टाकले. आज दाखवलेल्या सेवेला मराठी मजकुरासाठी इंग्रजीच्या किती पट टोकन (यंत्र मजकुराचे जे तुकडे पाडून मोजतं ते) लागतात? आणि ही सेवा किती वर्षं चालू ठेवाल, हे लेखी देणार का? पहिल्या प्रश्नाला बऱ्याच जणांनी पसंती दिली, यादीत तो चौथा-पाचवा होता. शेवटच्या सहा मिनिटांत दोन प्रश्न घेतले गेले. एक, भारतातल्या तरुण डेव्हलपरांच्या ऊर्जेबद्दल आपल्याला काय वाटतं? दुसरा, मुंबईत आल्यावर आपण वडापाव खाल्लात का? (खाल्ला होता. तिखट लागला.)

माझं म्हणणं साधं आहे. ज्या कार्यक्रमाला ‘डेव्हलपरांची परिषद’ म्हणता, तिथे मुख्य भाषणानंतर अर्धा तास माईक खाली यायला हवा, प्रश्न न निवडता. डेमोत निदान एक इनपुट समोरच्या गर्दीतून घ्यायला हवं. हे जमत नसेल तर त्याला जाहिरात म्हणा, काही बिघडत नाही, आम्ही जाहिरातीलाही येऊ. पण मग कॉलेजांनी त्याला शिक्षण समजून हजेरी देऊ नये, आणि सरकारी खात्यांनी त्या मंचावरून धोरणं जाहीर करू नयेत.

पहिल्याच आक्षेपाला उत्तर देतो, कारण तो रास्त आहे. पैसा त्यांचा, सभागृह त्यांचं, चहा-नाश्ता त्यांचा; नाटकाला जाऊन कुणी मध्येच उठून नटाला प्रश्न विचारतं का? नाही विचारत. पण नाटकवाले नाटकाला नाटकच म्हणतात. शिवाय आपल्याकडे तमाशालासुद्धा सवाल-जवाब असतो. व्याख्यानमालेत वक्ता कितीही मोठा असो, शेवटी अध्यक्षांच्या टेबलावर चिठ्ठ्यांचा ढीग पडतो आणि त्यांतली एखादी तरी तिरकस निघते. ऐकणाऱ्यानं बोलणाऱ्याला अडवावं, ही आपली जुनी खोड आहे. शिवाय या शहराला संगणकाचं अप्रूप वाटावं असंही काही नाही. टीआयएफआर या इथल्या संशोधन संस्थेत स्वतः बांधलेला संगणक १९६० साली चालू झाला. टीसीएस १९६८ पासून मुंबईचीच. साठ वर्षांनंतरही आपण तोंडाचा आ वासून बसावं, अशी अपेक्षा कुणी का करावी?

आणि माईक खाली देणं या धंद्याला कधी जमलंच नाही असंही नाही. मे १९९७ मध्ये अ‍ॅपलच्या डेव्हलपर परिषदेत स्टीव्ह जॉब्ज स्टुलावर बसले आणि समोरच्यांचे प्रश्न घेत राहिले, तासभराहून जास्त. कंपनी तेव्हा बुडायला टेकलेली, ते नुकतेच सल्लागार म्हणून परत आलेले. एका डेव्हलपरनं उठून, तुम्हाला या विषयातलं कळत नाही, अशा अर्थाचं तोंडावर सुनावलं. कंपनीनं बंद केलेल्या एका तंत्रज्ञानावरचा तो राग होता. जॉब्ज थांबले, बाटलीतलं पाणी प्यायले, आणि मग बोलले. काही बाबतींत हे गृहस्थ बरोबर आहेत, हे कबूल केलं. सुरुवात गिऱ्हाइकाच्या अनुभवापासून करून तंत्रज्ञानाकडे यावं लागतं, उलट नाही, हे त्यांचं पुढे जगभर उद्धृत झालेलं म्हणणं त्या उत्तरातलं. म्हणजे त्या परिषदेतलं जे आजही लोक शोधून बघतात, ते एका अपमानकारक प्रश्नामुळे बाहेर आलं. त्याच कंपनीची तीच परिषद २०२० पासून आधी चित्रित केलेला व्हिडिओ दाखवते. आता तर पाणी प्यायला थांबायचीही गरज उरली नाही.

डेमोचंही तसंच. ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्ट या संशोधकानं नव्वद मिनिटं जे दाखवलं, माऊस, पडद्यावरचा मजकूर बदलणं, दुव्यांवरून उड्या, दूरच्या सहकाऱ्याबरोबर एकाच कागदावर काम, ते सगळं त्याच क्षणी घडत होतं. यंत्र होतं मैलोगणती लांब, मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेत. तेव्हापासून प्रत्येक कंपनीला तसा दिवस आपल्या वाट्याला यावा असं वाटतं. पण त्यातली धाकधूक मात्र नको असते. जानेवारी २००७ मधल्या आयफोनच्या पहिल्या दर्शनाची हकिकत त्याच्या अभियंत्यांनी नंतर सांगितली: फोन मध्येच बंद पडायचे, म्हणून कुठल्या क्रमानं काय उघडायचं याची वाट ठरवून दिली होती, आणि सिग्नलच्या पाचही दांड्या कायम भरलेल्या दिसतील अशी सोय केली होती. ते उत्पादन पुढे खरं निघालं, म्हणून ही हकिकत आपण कौतुकानं सांगतो. डिसेंबर २०२३ मध्ये गुगलनं जेमिनी या आपल्या एआय मॉडेलचा जो व्हिडिओ दाखवला, त्यात मॉडेल माणसाशी समोरासमोर बोलत असल्यासारखं दिसत होतं; प्रत्यक्षात स्थिर चित्रं आणि लिहिलेल्या सूचना दिल्या होत्या, मधला वेळ कापला होता, हे कंपनीला नंतर मान्य करावं लागलं.

याउलट फसलेले डेमो बघा. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोला विंडोज ९८ दाखवताना स्कॅनर जोडला आणि पडदा निळा झाला, म्हणजे यंत्रच बंद पडलं. सभागृह हसलं, शेजारी उभे असलेले बिल गेट्सही हसले, आणि म्हणूनच हे अजून बाजारात आणलेलं नाही, असं म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. विंडोज बाजारात आलंच, खपलंही. सप्टेंबर २०२५ मधलं मेटाचं, म्हणजे फेसबुकवाल्या कंपनीचं, उदाहरण तर मला फार आवडतं. मंचावरच्या आचाऱ्यानं (आचाऱ्यानं, आचार्यानं नव्हे) चश्म्यातल्या एआयला सॉस कसा करायचा ते विचारलं, आणि एआय भलत्याच पायरीवर अडून बसलं. मंचावर दोष वायफायला दिला गेला. नंतर कंपनीच्याच तंत्रज्ञान प्रमुखानं खरं कारण सांगितलं: आचाऱ्यानं हाक मारल्यावर इमारतीतल्या सगळ्यांचेच चष्मे जागे झाले, आणि त्या सगळ्यांचा भार डेमोसाठी वेगळ्या काढलेल्या सर्व्हरवर येऊन पडला. सर्व्हर लिहिणाऱ्या कुणालाही हे ऐकून आधी हसू आणि मग घाम येईल. त्या अख्ख्या कार्यक्रमात डेव्हलपरांच्या पदरात पडलेला सगळ्यांत उपयोगी धडा हाच होता, आणि तो ठरलेल्या कार्यक्रमपत्रिकेत नव्हता.

तर मग मंचावरच्यांना विचारायचं काय? मी टाकलेला टोकनचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, म्हणून जरा उलगडून सांगतो. ही मॉडेल शब्द मोजत नाहीत, टोकन मोजतात, आणि बिल टोकनावर येतं. संगणकात इंग्रजीचं अक्षर एका बाइटमध्ये मावतं. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ या पद्धतीत तीन बाइट लागतात, आणि काना, वेलांटी, पाय मोडल्याची खूण हीसुद्धा स्वतंत्र चिन्हंच. ‘मी’ म्हटलं तरी सहा बाइट. त्यातून टोकन पाडण्याची पद्धत मुख्यतः इंग्रजी मजकुरावर बेतलेली असली, की मराठी शब्दाचे अगदी चुरे होतात. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयनं मे २०२४ मध्ये नवं मॉडेल आणताना स्वतःच एक नमुना वाक्य वेगवेगळ्या भाषांत देऊन आकडे छापले होते: मराठीत आधी ९६ टोकन लागत, ती नव्या पद्धतीत ३३ झाली, इंग्रजीत २७ ची २४. सुधारणा मोठी आहे, यात वाद नाही. पण उलट्या बाजूनं वाचलं तर त्याचा अर्थ असा, की तोवर मराठीत तेच वाक्य लिहिणारा माणूस इंग्रजीवाल्याच्या साडेतीन पट भरत होता आणि कुठल्याही मंचावरून त्याला ते कुणी सांगितलं नव्हतं. सुधारणेनंतरही तो सव्वापटीहून जास्त भरतो.

माझ्या पतसंस्थेच्या व्यवस्थापकांना हे सांगितलं तर ते पहिला प्रश्न विचारतील, ‘म्हणजे मराठीत नोटीस काढली की महाग?’ दुसरा विचारतील, ‘सभासदांची नावं-पत्ते कुठल्या देशात जाऊन पडणार?’ आता २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झालाय, संचालक मंडळात एखादा वकील असतोच, आणि तो हे विचारल्याशिवाय सही करू देत नाही. हे प्रश्न मंचावरच्या माणसाला शत्रुत्वानं विचारलेले नाहीत. त्याची वस्तू मला विकत घ्यायची आहे म्हणून विचारलेले आहेत.

किती वर्षं चालवाल, या प्रश्नामागेही इतिहास आहे. फेसबुकनं २०१३ साली पार्स ही सेवा विकत घेतली. हजारो छोट्या अ‍ॅपवाल्यांचा मागचा सगळा डोलारा ती सांभाळायची. मार्च २०१५ च्या डेव्हलपर परिषदेत ती आता घरगुती उपकरणांसाठीही चालेल, अशी घोषणा मंचावरून झाली. जानेवारी २०१६ मध्ये सेवा बंद करत असल्याचं जाहीर झालं, आणि वर्षभरात ती बंद झाली. दहा महिन्यांपूर्वीच्या टाळ्या कुणाच्याही कामाला आल्या नाहीत. कंपनीनं कोड खुला करून दिला, स्थलांतराला वर्षभराचा अवधी दिला, हेही सांगायला हवं. पण सभागृहातून त्या दिवशी कुणी उठून ‘आणि हे बंद केलंत तर?’ एवढं विचारलं असतं, तर काही जणांनी आपलं घर निदान भाड्याच्या जमिनीवर बांधलं नसतं.

मला सगळ्यात खटकतं ते कॉलेजांचं. माझ्या शेजारी कल्याणच्या पुढच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजातला मुलगा बसला होता, तिसऱ्या वर्षाचा. साठ मुलांना दोन बसमधून आणलं होतं. प्रत्येकाच्या हातात एक छापील कागद, त्यावर सत्राचं नाव, वेळ आणि ‘शिकलेले मुद्दे’ अशी पाच ओळींची जागा. त्यानं मला विचारलं, ‘सर, फिफ्थ पॉइंट काय लिहू?’ मी म्हटलं, ‘स्लाइडवर शुद्धलेखन चुकलंय ते लिही.’ तो हसला, पण लिहिलं नाही. लिहून गुण गेले तर? तसं बघितलं तर त्या मुलाला तिथे आणण्यात काही वावगं नाही. एवढी रोषणाई, एवढी माणसं, आपण जे शिकतो त्याला जगात किंमत आहे ही जाणीव, हे बदलापूर-नेरळच्या मुलाला मिळायलाच हवं. दुपारच्या कार्यशाळाही चांगल्या होत्या. तिथल्या छोट्या खोलीत कंपनीची एक अभियंता मुलगी होती, तिला मी टोकनचा प्रश्न विचारला तर तिनं सरळ लॅपटॉप उघडून मोजून दाखवलं. पाच मिनिटांत काम झालं. म्हणजे उत्तर द्यायला माणूस होता, तयारी होती, लपवण्यासारखंही काही नव्हतं. मग सकाळच्या दीड तासात तेवढंच का जमत नाही? कार्यशाळेच्या खोलीत मावली तीस माणसं. कागद भरून बसमध्ये बसलेली साठ मुलं तोवर परतीच्या वाटेला लागली होती.

सरकारचं थोडक्यात. मंत्री, सचिव अशा मंचांवर येतात, सामंजस्य कराराच्या फायली हातात धरून फोटो निघतात. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे सव्वाआठ कोटी लोकांची मातृभाषा असलेल्या, राज्याच्या भाषेत ती वस्तू कशी चालते हे कुणी तरी आधी तपासलंय का, असा प्रश्न पत्रकारांनाही तिथे विचारता येत नाही, कारण पत्रकार परिषद वेगळी आणि तिचीही निमंत्रणं वेगळी. निविदेत मराठीची चाचणी घातली, आणि ती चाचणी कंपनीनं निवडलेल्या वाक्यांवर नव्हे तर तलाठी कार्यालयातल्या खऱ्या अर्जांवर घेतली, तर मंचावर काय दाखवतात याची फिकीर कुणालाच करावी लागणार नाही.

त्या मुलाची बस चुकली होती. स्वच्छतागृहाच्या रांगेत अडकला आणि मास्तर मोजायला विसरले. कुर्ल्यापासून आम्ही एकाच गाडीत होतो. घाटकोपर गेल्यावर त्यानं हळूच विचारलं, ‘सर, ते बोंडअळीचं खरंच चालतं का?’ मी म्हटलं, तुझ्या फोनवर बघ की. त्यानं फुकटातलं खातं उघडून तोच प्रश्न टाकला. या वेळी ‘फवारणी’ आलं, कामगंध सापळ्यांचाही उल्लेख आला. मंचावरच्यापेक्षा बरं उत्तर. मग त्यानं ‘आचाऱ्यांना आणि आचार्यांना यांत काय फरक’ असं विचारलं. फोननं अर्थ बरोबर सांगितले, उदाहरणाच्या वाक्यात मात्र दोन्ही ठिकाणी आचार्यच बसवले. तो खूश झाला. ठाण्यापर्यंत त्यानं आगरी बोलीत तीन प्रश्न विचारले, त्यांतल्या एकाला उत्तर म्हणून मालवणी आली. समोरच्या बाकावरच्या बाई वाकून बघायला लागल्या, म्हणाल्या, ‘त्याला विचार, उकडीच्या मोदकाची पारी का फाटते.’ दिवा स्टेशनच्या अलीकडे रेंज गेली, तेव्हा चाक नुसतं फिरत होतं, आणि आम्ही चौघं-पाच जण त्या फोनवर डोकी घालून उत्तराची वाट बघत होतो.